इंग्रजी नजर आणि मराठी डोळे

शाळेंत इंग्रजी शिकणाऱ्या मुलास 'लुक' म्हणजे काय असें विचारलें तर तो 'पाहणें' असें उत्तर देतो. 'सी' म्हणजे काय असें विचारलें तरीहि 'पाहणें' हेंच उत्तर येतें. पुढें त्याचें वाचन वाढूं लागलें म्हणजे 'ग्लान्स', 'गेझ', 'स्टेअर', 'पीअर', 'पीप', 'ग्लेअर' अशीं या शब्दाचीं भावंडें त्यास एकामागून एक भेटूं लागतात. हाताशीं असलेल्या लहानशा कोशांत या सर्वांपुढें 'पाहणें' हाच शब्द, फार तर 'टक लावून' किंवा 'रागानें' अशी शेपटी जोडून, दिलेला असतो. मुलाची समजूत अशी होते कीं, इंग्रजांना काम एकच आणि त्यासाठीं शब्द मात्र सहा! ही समजूत वेळींच दूर व्हावयास हवी असें आम्हांस वाटतें. कारण येथें केवळ सहा शब्द नाहींत, सहा निरनिराळ्या क्रिया आहेत, आणि त्यांपैकीं प्रत्येकीचे सोयरसंबंध ठरलेले आहेत.

मोठ्या कुटुंबांत या साऱ्या क्रिया एका दिवसांत पाहावयास मिळतात. सकाळीं वर्तमानपत्राच्या मथळ्यांवरून आजोबांची नजर भरभर फिरून जाते, तो 'ग्लान्स'. पाळण्यांत निजलेल्या पणतवंडाकडे पणजी कितीतरी वेळ पाहत राहते, तो 'गेझ'. दारांत नवखा पाहुणा आला कीं चार वर्षांचें पोर तोंडांत बोट घालून त्याच्याकडे टकमक पाहत उभें राहतें, तो 'स्टेअर'. चष्मा न सांपडल्यामुळें औषधाच्या बाटलीवरील अक्षरें डोळे बारीक करून लावूं पाहणाऱ्या आत्याबाईंचें तें पाहणें म्हणजे 'पीअर'. दिवाळीच्या आधल्या दिवशीं फराळाच्या डब्याचें झांकण किलकिलें करून आंत डोकावणें म्हणजे 'पीप'. आणि त्या डोकावणारास मागून आलेल्या काकूनें एकहि शब्द न उच्चारतां जागच्या जागीं थिजवणें, म्हणजे 'ग्लेअर'. अशा रीतीनें सांगितलें म्हणजे मुलांस कोशाची गरज उरत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

या शब्दांचीं कुळें शोधूं गेलें असतां त्यांच्या स्वभावाचा उलगडा होतो. पंधराव्या शतकांत 'ग्लान्स' हा शब्द शस्त्राच्या वारासंबंधानें वापरीत असत. वार तिरका बसून निसटून गेला म्हणजे तो 'ग्लान्स' झाला. नजरेचा 'ग्लान्स'हि तसाच, स्पर्श करून निसटणारा. 'स्टेअर' या शब्दाच्या मुळाशीं ताठरपणाचा अर्थ आहे असें व्युत्पत्तिकार सांगतात; म्हणून त्या पाहण्यांत डोळा हलत नाहीं. 'ग्लेअर' म्हणजे मूळचा डोळे दिपवणारा प्रखर प्रकाश. पुढें तो प्रकाश सोडून संतापलेल्या डोळ्यांत जाऊन बसला. आमच्या संस्कृत कवींनींहि कटाक्षास बाणाची उपमा दिलेली आहे, तेव्हां तिरक्या नजरेंत शस्त्र पाहण्याची बुद्धि दोन्हीकडे सारखीच म्हणावयाची. मराठीनें मात्र त्या कटाक्षास मोठें सोज्ज्वळ काम लावून दिलें. आज आपण 'कटाक्षानें' एकादशी पाळतों आणि 'कटाक्षानें' वेळेवर कचेरींत जातों. त्यांत बाण उरला नाहीं, केवळ नेम उरला.

परंतु शब्द कळला म्हणजे भाषा आली असें होत नाहीं. कोणत्या नामास कोणतें क्रियापद चालतें हें कळावें लागतें. इंग्रजींत 'ग्लान्स' टाकतां येतो, फेंकतां येतो, चोरतां येतो आणि दोघांत त्याची देवघेव करतां येते. 'गेझ' स्थिर करतात, खालीं वळवितात, दुसरीकडे फिरवितात, समोरच्याच्या 'गेझ'ला भिडवितात. पण 'गेझ' कोणी चोरीत नाहीं. जी वस्तु क्षणांत संपते ती चोरतां येते; जी घटका घटका चालते ती चोरावी कशी? 'स्टेअर'च्या मागें रिकामा, भकास, कोरा अशीं विशेषणें शोभतात. प्रेमळ हें विशेषण 'गेझ'ला साजेल, 'स्टेअर'ला साजणार नाहीं. आणि नुसता 'लुक' हा तर दात्याचा शब्द आहे, तो 'दिला' जातो: घाणेरडा दिला तर तुच्छता, जाणता दिला तर गुपित, आणि ज्यानें झाड सुकून जावें असा दिला तर समोरच्याचें बोलणें तेथेंच संपतें. यांपैकीं एखादी जोडी मोडून दुसरी केली तर व्याकरण चुकत नाहीं; पण भाताच्या घासांत खडा लागावा तसें वाचणाऱ्यास होतें.

येथें आमच्या मराठीशीं गांठ घालून पाहिली म्हणजे मोठी गंमत दिसते. 'नजर टाकणें' हें इंग्रजीशीं बरोबर जुळतें. 'नजर ठेवणें' हेंहि जुळतें. तेथें नजरेऐवजीं डोळा ठेवितात इतकेंच. पण 'नजर चोरणें' घ्या. शब्दशः तोच चोर आणि तीच वस्तु. परंतु इंग्रज जेव्हां 'ग्लान्स' चोरतो तेव्हां तो हळूच पाहून घेतो, आणि आपण जेव्हां नजर चोरतों तेव्हां पाहावयाचें टाळतों. एकाची चोरी पाहण्याची, दुसऱ्याची न पाहण्याची. जो मुलगा शब्दास शब्द ठेवून भाषांतर करील तो प्रेमिकास अपराधी ठरवील आणि अपराध्यास प्रेमिक.

अशा शब्दसोबतीस इंग्रजींत 'कोलोकेशन' असें नांव आहे; मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एकत्र ठेवणें एवढाच. या जोड्यांकडे पद्धतशीर लक्ष प्रथम कोणाचें गेलें हें पाहण्यासारखें आहे. हॅरल्ड पामर हे इंग्रज गृहस्थ जपानांत इंग्रजी शिकविण्याच्या कामीं होते. त्यांनीं १९३३ सालीं तोकियो येथून अशा जोड्यांसंबंधीं एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनीं परकीय विद्यार्थ्यांसाठीं रचलेला कोश १९४२ सालीं तोकियोसच छापला गेला आणि १९४८ मध्यें ऑक्सफर्डनें तो पुनः काढला. त्याच्या पुढील आवृत्त्या आमच्यांतील कितीतरी घरांच्या फडताळांत बसलेल्या आहेत. १९५१ सालीं ज्यांनीं या कल्पनेस भाषाशास्त्रांत मानाचें स्थान मिळवून दिलें ते जे. आर. फर्थ १९१९ पासून १९२८ पर्यंत लाहोर येथें इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. पुढें २००२ सालीं ऑक्सफर्डनें केवळ जोड्यांचा असा स्वतंत्र कोशच काढला. यांतील पहिले तिघेहि परभाषिकांस शिकवितां शिकवितां या विषयाकडे वळले, हा योगायोग नसावा. घरच्या माणसास घरचा उंबरा दिसत नाहीं. त्यास अडखळतो तो पाहुणा. मराठीचेंहि तसेंच झालें. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व १८५७ सालीं त्याची दुसरी आवृत्ति झाली. त्यांत 'डोळा' या शब्दाखालीं वाक्प्रचारांची जी लांबलचक रांग लागली आहे ती पाहून, इतके डोळे आपल्या घरांत होते काय, असें कोणासहि वाटावें!

'लुक' या शब्दाचे दुसरे सोबती म्हणजे त्याच्या मागें येणारीं लहान अव्ययें. 'लुक फॉर' म्हणजे शोधणें, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणें, 'लुक इंटू' म्हणजे चौकशी करणें, 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणें, 'लुक फॉरवर्ड टू' म्हणजे आतुरतेनें वाट पाहणें. मुलें या पाठांतरास कंटाळतात. त्यांस आम्ही सांगतों कीं, हा खेळ आपल्याच घरचा आहे. संस्कृतांत पाहणें या अर्थाचा 'ईक्ष्' असा धातु आहे. त्यास 'परि' लागला कीं परीक्षा, 'प्रति' लागला कीं प्रतीक्षा, 'अप' लागला कीं अपेक्षा, 'निर्' लागला कीं निरीक्षण, 'सम्' लागला कीं समीक्षा आणि 'उप' लागला कीं उपेक्षा. इंग्रजांचें अव्यय मागून येतें, आमचा उपसर्ग पुढें बसतो, एवढाच भेद. शिवाय मराठीनें 'पाहणें' या क्रियापदास आणखीहि एक स्वातंत्र्य दिलें आहे. आपण आमटी चाखून पाहतों, दार लोटून पाहतों, नांव आठवून पाहतों, आणि कोणी फार छळलें तर तो आपला अंत पाहतो. यांपैकीं कोठेंहि डोळ्याचें काम नाहीं. जन्मांध मनुष्यहि मराठींत कापड हात लावून 'पाहतो', हें आमच्या भाषेचें औदार्य होय.

उलट, जेथें जुळेल असें वाटतें तेथेंच पाय घसरतो. 'ओव्हरसी' आणि 'ओव्हरलुक' हे दोन्ही शब्द फोडले तर वरून पाहणें असाच अर्थ निघतो. पण पहिल्याचा अर्थ देखरेख करणें आणि दुसऱ्याचा दुर्लक्ष करणें. एखादी खिडकी बागेस 'ओव्हरलुक' करते तेव्हां तेथून सारी बाग दिसते. एखादा कारकून चूक 'ओव्हरलुक' करतो तेव्हां त्यास ती दिसत नाहीं. 'आंधळा डोळा वळविणें' या इंग्रजी प्रयोगासंबंधीं आरमारी सेनापति नेल्सन यांची कथा सांगतात. १७९४ सालीं कॉर्सिका बेटांतील लढाईंत त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टि गेली होती. १८०१ सालीं कोपनहेगनच्या लढाईंत वरिष्ठांकडून माघारीची खूण झाली, तेव्हां त्यांनीं दुर्बीण त्या डोळ्यास लावली आणि आपल्यास कांहींच दिसत नाहीं असें म्हटलें. आपण अशा वेळीं डोळेझाक करतों किंवा कानाडोळा करतों. इंग्रजानें न दिसणारा डोळा पुढें केला, आपण दिसणारा झांकतों, फळ एकच.

आमचे एक स्नेही परदेशीं असतां तेथील शेजाऱ्यांस म्हणाले कीं, आम्ही सध्यां आमच्या मुलासाठीं मुलगी पाहत आहों. त्यांनीं तें वाक्य इंग्रजींत शब्दास शब्द ठेवून, चालू वर्तमानकाळांत सांगितलें. तेथें 'कोणास पाहत असणें' याचा अर्थ त्या व्यक्तीशीं प्रेमसंबंध असणें असा होतो. साठी उलटलेलें हें दांपत्य मुलाच्या वतीनें असलें कांहीं करीत आहे, हें ऐकून त्या बिचाऱ्या शेजाऱ्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

हसण्यासारखी गोष्ट हसून सोडून देतां येते. पण शब्दाच्या जोडीबरोबर जेव्हां न्यायनिवाडाहि येतो तेव्हां तितकें सोपें राहत नाहीं. इंग्रजींत 'डोळ्यांत पाहून सांगणें' हें सचोटीचें लक्षण समजतात. जो डोळ्यांत पाहूं शकत नाहीं त्याच्या मनांत कांहीं काळें आहे असें मानतात. आपल्याकडे वडील माणसांसमोर 'डोळा वर करून न पाहणें' ही मर्यादा समजली जात असे, आणि 'डोळ्यास डोळा भिडवणें' हें उद्धटपणाचें काम. आमच्या नात्यांतील एक अत्यंत सालस मुलगा नोकरीच्या मुलाखतीस गेला. प्रश्न विचारणारे गृहस्थ त्याच्या वडिलांच्या वयाचे. मुलानें सर्व उत्तरें बिनचूक दिलीं, पण टेबलाकडे पाहून. आत्मविश्वास कमी, असा शेरा त्यास मिळाला. ज्या वळणाबद्दल घरांत वीस वर्षें शाबासकी मिळाली तेंच वळण बाहेर वैगुण्य ठरलें. आम्हीं त्यास एवढेंच सांगितलें कीं, घरची मर्यादा सोडूं नकोस. पण इंग्रजी बोलावयास बसलास म्हणजे डोळेहि इंग्रजी बोलूं दे. भाषेबरोबर तिची नजरहि शिकावी लागते. पुढच्या मुलाखतीस तो ती शिकून गेला.

येथवर जें सांगितलें त्यांत इंग्रजीपाशीं शब्द आहे तेथें मराठीपाशींहि कांहीं ना कांहीं आहे, मग तें उलटें का असेना. दृष्ट लागणें, डोळे निवणें, दर्शन घेणें या आपल्या जोड्यांस इंग्रजींत जोड नाहीं, ही शिल्लक आपल्या बाजूस पडते. पण एक इंग्रजी जोडी अशी आहे कीं, जिला मराठी प्रतिशब्द आम्हीं पुष्कळ शोधला आणि आम्हांस मिळाला नाहीं. ती म्हणजे एखाद्या माणसास 'लुक थ्रू' करणें. समोर माणूस उभें आहे, डोळे उघडे आहेत, नजर त्या दिशेसच आहे. पण कांचेंतून पलीकडचें पाहावें तशी ती त्या माणसांतून आरपार निघून जाते. हें दुर्लक्ष नव्हे. दुर्लक्ष अनवधानानेंहि होतें. हा तिरस्कारहि नव्हे. तिरस्कार करण्यासाठीं माणूस दिसावें तरी लागतें. उपेक्षा हा शब्द जवळचा खरा. पण तो कवींच्या आणि देशभक्तांच्या वांट्यास अधिक येतो, माजघरांत तो कोणी वापरीत नाहीं.

शब्द नव्हता म्हणून गोष्ट नव्हती असें मात्र नाहीं. १९५० च्या पुढेंमागें, आम्ही लहान असतां, आमच्या वाड्यांत आजोबांची थोरली बहीण राहत असे. ती बालपणींच विधवा झालेली. पहांटे चारास उठून ती सोंवळ्यानें पाणी भरी, नैवेद्याचा स्वयंपाक करी आणि वीस-पंचवीस माणसें तिच्या हातचें जेवून उठत. तिला कोणी कधीं उणा शब्द बोललें नाहीं. कोणी डोळे वटारले नाहींत, कोणी वांकड्या नजरेनें पाहिलें नाहीं. घरांतून कोणी प्रवासास किंवा परीक्षेस निघालें म्हणजे मात्र ती आपण होऊन स्वयंपाकघराच्या दाराआड सरून उभी राही. चैत्रांत हळदीकुंकवास आळींतल्या बायका येत. त्याच चौकांत एका खांबाशीं बसून ती वाती वळीत असे. येणाऱ्या बायका गौरीची आरास पाहत, एकमेकींचीं लुगडीं पाहत, कैरीच्या डाळीकडे पाहत. आणि त्यांची नजर खांबावरून पुढें जावी तशी तिच्यावरून पुढें जात असे. त्या बायका दुष्ट नव्हत्या. तसें पाहण्याची रीत होती.

पुढें महाविद्यालयांत एका इंग्रजी कादंबरींत ही जोडी आमच्या दृष्टीस पडली. कोशांत अर्थ पाहिला आणि वाती वळणारे ते दोन हात डोळ्यांपुढें उभे राहिले. ती तेव्हां निवर्तली होती. त्या सुटींत घरीं आलों असतां आईजवळ सहज या प्रयोगाचा अर्थ सांगितला. आई तांदूळ निवडीत होती.

"मग मराठींत याला काय म्हणतात?" तिनें विचारलें.

"मराठींत असा शब्द दिसत नाहीं," आम्हीं म्हटलें.

ती थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "शब्द नसेल. पण आत्याबाईंना तें ठाऊक होतें हो."

त्यावर अधिक बोलणें झालें नाहीं. पुढच्या चैत्रांत आईनें शेजारच्या शाळेंतील एका बाईंस हळदीकुंकवाचें बोलावणें मुद्दाम स्वतः जाऊन केलें. त्या बाई विधवा होत्या आणि आळींत कोणाकडे जात येत नसत. त्या उंबऱ्यापर्यंत येऊन थबकल्या. चौकांत बायका भरलेल्या होत्या. आई उठून उभी राहिली, त्यांच्या तोंडाकडे नीट पाहून "या, बसा" म्हणाली, आणि पन्ह्याचें भांडें तिनें प्रथम त्यांच्या हातीं दिलें. मग इतर बायकांसहि पाहावेंच लागलें. दोघी-तिघी लवकर उठून गेल्या, बाकीच्या बसल्या. आईस इंग्रजी येत नव्हतें.

इंग्रजीमुळें आमच्या घरांत सुधारणा झाली असें दाखविण्याचा आमचा हेतु नाहीं. इंग्रज समाजांतहि नोकरचाकर आणि गरीब लोक यांच्यांतून नजर आरपार जात असे, म्हणूनच तर तेथें तो प्रयोग रूढ झाला. आमचें म्हणणें इतकेंच कीं, एखाद्या वागणुकीस नांव मिळालें म्हणजे ती डोळ्यांपुढें येते, आणि डोळ्यांपुढें आली म्हणजे ती तशीच चालूं द्यावयाची कीं नाहीं हें ठरवितां येतें. परकी भाषा शिकण्याचा हा लाभ मुलाखती आणि नोकऱ्या यांहून लहान नाहीं. आणि आतां तर एका खोलींत बसलेलीं माणसें हातांतील पडद्यांत डोळे घालून असतात. आजी दोनदां हांक मारते, नातवंड मान वर करतें, 'हो' म्हणतें आणि नजर तिच्यांतून आरपार जाऊन पुनः पडद्यावर येते. तेव्हां हा शब्द जुन्या वाड्याबरोबर निकालांत निघाला, असें कोणीं समजूं नये.

ज्या घरांत मुलें इंग्रजी शिकत आहेत तेथें वडील माणसांनीं एक साधी वही घालावी. डाव्या बाजूस इंग्रजी जोडी, उजव्या बाजूस मराठी. 'नजर चोरणें' यासारख्या, दिसण्यांत सारख्या पण अर्थानें उलट अशा जोड्यांवर तांबडी खूण करावी. मराठीच्या ज्या जोड्यांपुढें इंग्रजी रकाना रिकामा राहतो त्या आजी-आजोबांस विचारून वाढवाव्या. टकमक, एकटक, ओझरतें, निरखून, न्याहाळून, डोळे भरून, हे पाहण्याचे प्रकार अजून त्यांच्या बोलण्यांत आहेत आणि नातवंडांच्या बोलण्यांतून जाऊं लागले आहेत. आणि मराठीचा रकाना जेथें रिकामा राहील तेथें घाईघाईनें कांहीं तरी भरूं नये. तें पान उघडें ठेवून, ही गोष्ट आपल्याकडे कोणाच्या वांट्यास येते, हें सर्वांनीं एकत्र बसून विचारून पाहावें.